नवव्या घरातलं कासव

केम्ता वस्तीत अवेरोच्या हातचं कापड ओळखायला चष्मा लागत नसे. दोरीवर वीस कापडं वाळत असली तरी रस्त्यानं जाणारी बाई नेमकी तिच्याच कापडापाशी थबकायची. निळीचे रांजण सगळ्यांचे सारखेच, राखेचं पाणी सारखंच, आणि कसाव्याच्या पिठाची खळही सगळं अबेओकुता शहर शिजवायचं तशीच. पण अवेरोची रेघ न्यारी होती. कोंबडीचं पीस खळीत बुडवून एकदा कापडावर टेकवलं की चौकोनाचा कोपरा गाठेपर्यंत ती ते उचलायची नाही. खळ उन्हात कडक व्हायची, कापड निळीत सहा-सात बुड्या मारून यायचं, आणि मग खळ खरवडली की गडद निळ्या अंगावर ती रेघ पहाटेच्या आभाळासारखी फिकी उमटायची. खळीखाली निळीला शिरता येत नाही, आणि अवेरोच्या खळीखाली तर मुंगीलाही शिरता आलं नसतं.

नवव्या वर्षी तिनं पीस हातात धरलं होतं. आता सहासष्टावं लागलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं एकच नमुना काढला, सोळा घरांचा. चार ओळी, दर ओळीत चार घरं, दर घरात एक चित्र. विंचू, फणी, भोवरा, कसाव्याचं पान, चित्तूर, छत्री, असं करत सोळा. आजीनं ते आईला दिलं, आईनं तिला. त्यात एक टिंब कमी नाही की जास्त नाही, असं ती स्वतःच्या छातीवर हात मारून सांगायची.

आणि तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या, म्हणजे नवव्या घरात होतं कासव.

या कासवाचा थाट निराळाच. बुटक्या सपाट पायांवर उभं, पाठीला भलामोठा बाक, एका टोकाला मान खाली वाकलेली, तोंडातून जीभ लोंबतेय, आणि दुसऱ्या टोकाला गोल गरगरीत वेटोळं झालेलं शेपूट. एखादं गिऱ्हाईक भीतभीत विचारायचं, "कासवाला एवढी मान कुठं असते हो?"

"तुमच्या कासवाला नसेल," अवेरो म्हणायची. "हे राजाचं कासव आहे. समुद्राच्या देवीचं पाणी प्यायला वाकलंय. म्हणून जीभ बाहेर."

नववं घर काढायच्या आधी ती कोलाचा, पूजेला लागणाऱ्या त्या कडू बीचा, एक तुकडा चावायची आणि मग घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, चुलीवरचं भांडंसुद्धा ढवळायचं नाही. तिचा मुलगा ओयेकान लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला, तेव्हा मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून दारात मुकाट उभा राहिला होता. आई शेपटाचं वेटोळं पुरं करेपर्यंत. पुढं ओयेकान लागोसला बंदरावर नोकरीला लागला. घरापासून लांबची नोकरी त्यानं का शोधली, याबद्दल वस्तीत लोकांचा काही अंदाज होता.

तो पंधरा दिवसांनी घरी यायचा. एरवी घरात अवेरो आणि त्याची बायको सिजुआदे. सिजुआदे तंत्रनिकेतनात शिकलेली, हसतमुख, आणि सासूच्या मते हाताला घाई झालेली. ती पीस धरत नसे. पत्र्यावर चित्र कोरायची, पत्रा कापडावर ठेवायची आणि खळ वरून सारवून द्यायची. दुपारपर्यंत अख्खं कापड तयार. आणि चित्रं तरी कसली? मोबाइल, छताचा पंखा, गॅसची टाकी.

"हे काय काढलंयस?" अवेरोनं पहिल्यांदा विचारलं.

"पंखा, आई."

"फिरतो का?"

"कापडावरचा कसा फिरेल?"

"मग तो आपल्या घरातल्या पंख्यासारखाच झाला. वीज असते कधी?"

सिजुआदे हसली, पण तिचीही जीभ काही म्यान केलेली नव्हती. "तुमचं कासव तरी कुठं चालतं?"

"माझं कासव तीन पिढ्या चालतंय!"

"कासवच ते. सावकाशच चालणार."

त्यानंतर दोन दिवस अवेरो सुनेशी बोलली नाही. जे काही बोलायचं ते अंगणातल्या कोंबडीशी बोलली. "कोंबडे, ऐकलंस का? काही लोकांना पाणी भरून ठेवायला सांगावं लागतं." कोंबडी मान वाकडी करून बघायची आणि सिजुआदे पाणी भरायची. भरताना तीही कोंबडीलाच सांगायची, "कोंबडे, काही लोकांना कळव, भरलंय."

असं चाललेलं असताना बातमी आली. वस्तीतल्या बायकांची प्रमुख, जिला सगळे इयालोदे म्हणत, तिला गादीवर बसून दहा वर्षं होत होती. सोहळ्याला ती आणि तिच्या जवळच्या मिळून चाळीस बायका एकाच नमुन्याचं कापड नेसणार होत्या. ज्यांना आपलं कापड दाखवायचं असेल त्यांनी गुरुवारी सकाळी तिच्या अंगणात यावं.

सिजुआदेनं पंख्यामोबाइलांचं कापड इस्त्री करून ठेवलं. अवेरोनं ते बघितलं आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव टाकला. ती तोवोबोला मावशीला साक्षीला घेऊन जाणार होती.

तोवोबोला ही अवेरोच्या आईची सगळ्यात धाकटी बहीण. वय एक्क्याण्णव, दात चार, डावा कान बंद आणि उजवा तिच्या मर्जीप्रमाणे उघडा. सोळा घरं जिनं पहिल्यांदा एकत्र मांडली, त्या आजीची ही शेवटची जिवंत लेक. लहानपणी खळीचं भांडं धरून ती आईशेजारी बसायची. तिनं एकदा चारचौघांत सांगितलं की ही घरं किती जुनी, किती पवित्र, मग पत्र्याच्या पंख्याला कोण विचारतंय?

गुरुवारी मावशी तीनचाकी रिक्षातून आली. उतरताना रिक्षावाल्याला म्हणाली, "हळू चालवतोस. लग्न झालेलं दिसतंय." अवेरोनं हात धरून तिला पुढं नेलं. अंगणात पन्नासएक बायका बसल्या होत्या. मधोमध खुर्चीवर इयालोदे, अंगानं भरलेली, डोक्यावरचा फेटा एवढा उंच की मागच्या दोन बायकांना काही दिसत नव्हतं.

आधी सिजुआदेचं कापड उलगडलं. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं चित्रातला मोबाइल बोटानं दाबून बघितला आणि हशा पिकला.

मग अवेरो उभी राहिली. खाकरून तिनं आपलं कापड दोन बायकांच्या हातात पसरून धरायला दिलं आणि बोलायला सुरुवात केली. आजी काय, आई काय, भोवऱ्याचा अर्थ काय, विंचू कुणावर नांगी उगारतो, सगळं सांगत ती नवव्या घराशी आली. तिथं आल्यावर तिचा आवाज आपोआप खाली गेला.

"आणि हे राजाचं कासव. याच्याबद्दल मी बोलण्यापेक्षा जिनं ते पहिल्यांदा काढताना बघितलं, तीच सांगेल. मावशी, सांग सगळ्यांना. हे काय आहे?"

तोवोबोला मावशी कापडाशी गेली. नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. बोटानं बाक, मान, शेपूट चाचपलं. मग तिचा चार दातांचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर शिवणयंत्र!"

कापड धरलेल्या दोघी बायकांनी वाकून नवव्या घराकडं बघितलं.

"मावशी, नीट बघ," अवेरो तिच्या उजव्या कानात म्हणाली. "कासव आहे ते. नववं घर."

"कासव असशील तू. हे शिवणयंत्र. लावोयिन शिंप्याचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसायचा, हातानं फिरवायचं यंत्र घेऊन. हे पाय कसले? ही खालची फळी. ही मान नाही, दांडा आहे. जीभ म्हणतेस तो दोरा. आणि हे गोल ते चाक. खर्रर्र करायचं." मावशीनं हात फिरवून आवाजही काढून दाखवला. "आई रोज दुपारी बघायला जायची. मला बरोबर न्यायची, म्हणजे कुणी काही बोलायला नको."

मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. इयालोदे खुर्चीत पुढं सरकली. "शिवणयंत्र बघायला जायची?"

"सुरुवातीला शिवणयंत्रच बघायला," मावशी म्हणाली.

"मग?"

"मग काय! लावोयिन दिसायलाही बरा होता." बायकांचा गलका उठला, पण मावशीला आता थांबायचं नव्हतं. "एकदा आईनं ते यंत्र कापडावर काढलं. संध्याकाळी बाबा आले, विचारायला लागले, हे काय काढलंस? आई म्हणाली, कासव. बाबा म्हणाले, कासवाला एवढी मान? आई म्हणाली, पाणी पितंय."

इयालोदे इतकी हसली की तिचा फेटा सुटून मांडीत पडला आणि मागच्या दोन बायकांना पहिल्यांदा सगळं दिसलं. एक बाई तर जमिनीवर बसून मांड्या बडवत होती. अवेरो आपलं कापड घडी करत राहिली. घडी चारदा चुकली. कुणाकडंही न बघता ती अंगणाबाहेर पडली, आणि मावशीला रिक्षात बसवायचंही विसरली.

मावशीला सिजुआदेनं पोचवलं. घरी येऊन बघते तर सासू रांजणांशेजारी भिंतीकडं तोंड करून बसलेली. कोंबडी समोरून दोनदा गेली, तरी तिलासुद्धा एक शब्द नाही. तेव्हा मात्र सिजुआदे घाबरली. तिनं कसाव्याच्या पिठाचा, लाफूनचा मऊ गोळा केला, भाजीचा रस्सा केला आणि गुडघ्यावर बसून ताट पुढं ठेवलं.

"आई, खाऊन घ्या."

"सत्तावन्न वर्षं," अवेरो भिंतीला म्हणाली. "सत्तावन्न वर्षं मी कोला चावून एका शिंप्याचं यंत्र काढत होते."

"छान काढत होता."

"ओयेकानचा हात मोडला होता तेव्हा!"

सिजुआदेनं ताट आणखी पुढं सरकवलं. हसू तिलाही येत होतं, पण तिनं ते गिळलं, आणि अवेरोला ते गिळलेलं कळलं. तिनं ताट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अवेरो कापड काखेत मारून मावशीकडं गेली. मावशी दारात बसून मक्याची पेज पीत होती.

"एकेक घर सांग," अवेरो म्हणाली. "खरं काय ते सगळं. विंचू?"

"विंचू खरा. आईला चावला होता. इथं." मावशीनं जागा दाखवली. ती सांगण्यासारखी नव्हती.

"फणी?"

"फणी कसली? आगगाडीचे रूळ. आई एकदा बसली होती आगगाडीत. उतरल्यावर आठ दिवस तेच सांगत होती."

"चित्तूर?"

"ती कोंबडी. आईनं कोंबडीच काढली होती. तुझ्या आईला कोंबडी जमायची नाही, तिचं चित्तूर झालं."

"छत्री?"

"ती मिशनमधल्या बाईची. उन्हात मिरवायची. आई म्हणायची, पाऊस नाही तर कशाला?"

"भोवरा तरी?"

"भोवरा मात्र जुना. माझ्या आजीच्याही आधीचा. कसाव्याचं पानही." मावशीनं पेजेचा वाडगा चाटून खाली ठेवला. "सहा जुनी धर. बाकीची आईची. जे नवं दिसायचं, ते तिला घरी आणावंसं वाटायचं. यंत्र काही आणता येत नव्हतं, आगगाडी तर नाहीच."

अवेरोनं कापडावरची घरं बोटानं मोजली. मग तिनं हळूच विचारलं, "तिला लाज नाही वाटायची? आईकडून आलेल्या घरात स्वतःचं काहीबाही घुसवायची?"

"घुसवायची म्हणजे? घर तिचंच होतं." मावशीनं तिच्याकडं नीट बघितलं. "तू काय काय काढलंस गं, तुझं?"

अवेरोनं कापडाची घडी घातली. या वेळी एकाच प्रयत्नात. मग तिनं मावशीला विचारलं, "आज दुपारी जेवायला काय करणार आहेस?" आणि विषय तिथंच मिटवला.

ती घरी पोचली तर इयालोदेकडची एक बाई ओट्यावर बसलेली. सिजुआदेनं तिला पाणी दिलं होतं.

"निवड झाली," बाई म्हणाली. "तुमचं कापड."

अवेरोला वाटलं, थट्टाच चाललीय. "माझं?"

"यंत्राचं. इयालोदे स्वतः तरुणपणी शिवणकाम करायच्या. नवरा गेल्यावर पाच पोरं त्याच यंत्रावर वाढवली. काल सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, माझ्या यंत्राचं चित्र कापडावर असेल असं मला वाटलंच नव्हतं. चाळीस कापडं हवीत. अडीच महिने आहेत. आणि नववं घर मोठं काढा म्हणाल्यात."

"कासव मोठं?" अवेरोच्या तोंडून निघून गेलं.

"यंत्र मोठं," बाई म्हणाली आणि हसू दाबत उठली.

जिंकल्याचा आनंद करावा की नाही, हे अवेरोला दोन दिवस कळेना. जिंकली होती ती, पण ज्यासाठी जिंकायचं होतं त्याच्यासाठी नव्हे. तिनं खळ शिजवली, तुरटी आणि मोरचूद टाकून ढवळली, कापड फळीवर ताणलं. आठ घरं सुरळीत उतरली. नवव्यापाशी आली आणि हात थांबला.

कोला चावावा का? शिंप्याच्या यंत्रासाठी कोला कशाला? तरी तिनं चावला. पीस टेकवलं. कासव काढायला गेली तर खोटं वाटू लागलं, आणि यंत्र काढायला गेली तर तिला हेच ठाऊक नव्हतं की चाक दांड्याला कुठं जोडतात. सत्तावन्न वर्षं तिनं ते चित्र काढलं होतं, पण यंत्राकडं कधी धड बघितलं नव्हतं. कपडे शिवायला टाकायचे, शिवले की घेऊन यायचे. पहिल्या कापडावर चाकं लावलेलं कासव उमटलं. दुसऱ्यावर बोटं फुटलेलं यंत्र.

सिजुआदे मागं येऊन उभी राहिली. "आई, हे यंत्र चावेल."

"शिंकू नकोस."

"मी शिंकले नाही, बोलले."

"बोलूही नकोस."

सिजुआदेनं मोबाइल काढून शिवणयंत्राचे फोटो दाखवले. अवेरोनं एकदा बघितलं आणि मान फिरवली. "काचेतलं नको. सपाट दिसतंय. मागच्या बाजूला काय आहे ते कसं कळणार?"

"मग बघायला जाऊ," सिजुआदे म्हणाली. "बाजारामागं साकारियाऊ बाबांकडं अजून हातयंत्र आहे."

साकारियाऊ हा सत्तरीचा विधुर शिंपी. दुकान खोक्याएवढं, यंत्र काळं, त्याच्यावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी उडालेली. अवेरो बाकावर बसली. तो म्हणाला, "काय शिवायचंय?"

"काही नाही. बघायचंय."

साकारियाऊनं टोपी सारखी केली. एका गिऱ्हाइकाची बाही यंत्रात होती. तो चाक फिरवू लागला, आधी नेहमीसारखं, मग जरा जोरात, मग अगदी खर्रर्र करत, आणि अधूनमधून अवेरोकडं बघत. अवेरोचे डोळे दांड्यावर होते. तो वरून कसा येतो, पोटाशी कसा जाड होतो, सुई वर येताना दोरा ओढणारं वरचं बारकं बोट कसं टुणकन उडतं. तासाभरानं ती उठली तेव्हा साकारियाऊनं बाही बाहेर काढली. मनगटाशी पूर्ण शिवून बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, चाकाला आरे किती ते मोजायला. तिसऱ्या दिवशी साकारियाऊनं कडक इस्त्रीचा अंगरखा घातला होता, अत्तर लावलं होतं आणि बाकावर तळलेल्या पिकल्या केळ्यांची पुडी मांडून ठेवली होती. सिजुआदे तिन्ही दिवस सोबत होतीच.

"आई," ती कुजबुजली, "मला बरोबर का आणता ते आत्ता कळलं. म्हणजे कुणी काही बोलायला नको, हो ना?"

अवेरोनं तिच्याकडं रागानं बघायचं ठरवलं होतं. पण ओठच ऐकेनात. तोंडात केळं असताना ती हसली, ठसका लागला, सिजुआदेनं पाठ थोपटली, आणि साकारियाऊ धावत पाणी घेऊन आला.

"बाबा," श्वास आल्यावर अवेरो म्हणाली, "स्पष्टच सांगते. मी तुमचं यंत्र बघायला येते."

"हो, हो," साकारियाऊ समजूतदारपणे म्हणाला. "तुमच्या आजीची गोष्ट आमच्यापर्यंत पोचलीय. मला काही घाई नाही."

घरी आल्यावर अवेरोनं पीस उचललं. कोला चावला नाही. सिजुआदे शेजारी पत्रा कापत, ओयेकान या वेळी सुट्टी का पुढं ढकलतोय याबद्दल बडबडत होती आणि अवेरो मधूनमधून "मेला तो!" म्हणत होती. बोलता बोलता पीस फळीवरून निघालं, दांड्यावर चढलं, बाकावरून घसरत सुईपर्यंत आलं, मागं जाऊन चाकाला वळसा घालून मगच उठलं. आरे सहा. दोऱ्याचं बोट उडालेलं. काढून झाल्यावर तिनंच दोन पावलं मागं जाऊन बघितलं, जसं दुसऱ्याचं कापड बघतात.

"आजी वेडी नव्हती," ती म्हणाली. "आहेच देखणं."

चाळीस कापडं दोघींनी मिळून केली. घरं अवेरोची, काठाची किनार सिजुआदेच्या पत्र्याची. किनारीत पंखे नकोत म्हणून चार दिवस वाद झाला आणि शेवटी पंखेच राहिले, कारण लांबून ते फुलांसारखे दिसत होते आणि अवेरोनं ते फूल समजूनच पसंत केले होते.

सोहळ्याच्या दिवशी चाळीस बायका निळ्याशार होऊन अंगणात उतरल्या. ढोल वाजू लागले. इयालोदे नाचायला उठली, वळली, आणि अवेरोला आपली चूक दिसली. नववं घर मोठं काढलं होतं खरं, पण कमरेभोवती कापड गुंडाळल्यावर ते कुठं येईल, याचा हिशेब कुणीच केला नव्हता. ते बरोबर पाठीमागं, बैठकीवर आलं होतं. इयालोदे नाचायची तसं यंत्र डावीकडं, उजवीकडं, जोरदार चाललं होतं. मागं एकोणचाळीस यंत्रं तिच्या तालावर.

अवेरोनं तोंडावर हात ठेवला. शेजारी तोवोबोला मावशी भाताचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं डोळे भरून बघितलं.

"लावोयिनला आवडलं असतं," ती म्हणाली आणि मटणाचा तुकडा उचलला.

इयालोदेनं नाचता नाचता अवेरोला ओढून मधे नेलं आणि कौतुकाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या कपाळावर नोट चिकटवली. साकारियाऊही आला होता. ते यंत्र आपलंच आहे असं तो ज्याला त्याला सांगत होता, आणि अवेरोनं ते खोडून काढलं नाही. त्यानं लग्नाचा विषय काढला, तो मात्र तिनं हसून मोडीत काढला. झंपर त्याच्याकडंच शिवायला टाकीन, एवढं वचन दिलं. बाहीकडं लक्ष ठेवायच्या अटीवर.

पुढच्या आठवड्यात अवेरो काम सोडून चौकात जाऊन बसू लागली. भाजीवाल्या विचारायच्या, कुणाची वाट बघताय? ती म्हणायची, कुणाची नाही. येणारं-जाणारं बघायची. चवळीची भजी तळणारीचा झारा बघायची, गवंड्याच्या डोक्यावरची पाटी बघायची. तिसऱ्या दिवशी घरी आली, नवं कापड ताणलं आणि मधोमध एकच भलंमोठं घर आखलं. त्यात काढली मोटारसायकल. पुढं चालवणारा, त्याच्या मागं एक बाई, तिच्या मागं दुसरी बाई, आणि दोघींच्या मधे सणासाठी नेला जाणारा मेंढा.

सिजुआदे पत्रा टाकून बघायला आली. कापडाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "सुंदर झालंय, आई. फक्त मेंढा चुकलाय."

"मेंढा? कुठं?"

"तोंड पुढं आहे. मेंढा मागं बघतो. घरापासून नेतात ना त्याला."

"माझा मेंढा पुढं बघतो. वारा खातोय."

"सणाला कापायला नेतायत आणि वारा खातोय?"

"त्याला कुठं माहीत आहे!"

"मेंढ्याला सगळं माहीत असतं."

खळ वाळायच्या आत निकाल लागणं गरजेचं होतं. दोघी तशाच, हाताला खळ लागलेली, चौकात जाऊन उभ्या राहिल्या. अकरा मोटारसायकली गेल्या. कुणावर गॅसची टाकी, कुणावर दरवाजा, एकावर नवरी. बारावीवर मेंढा होता. चालवणारा आणि त्याची बायको यांच्या मधे, आडवा, एका बाजूला शिंगं आणि दुसऱ्या बाजूला शेपूट. जाता जाता मेंढ्यानं दोघींकडं सरळ बघितलं.

"बघितलंस?" अवेरो म्हणाली.

"बघितलं. मागं नव्हता बघत."

"पुढंही नव्हता."

मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत दोघी उभ्या होत्या. मग अवेरोनं हातावरची वाळलेली खळ नखानं खरवडली आणि सुनेला म्हणाली, "चल लवकर. शिंगं चौकोनाच्या बाहेर काढावी लागणार."